ऑक्टेन-अंक : अर्थ आणि व्यवहार

व्यवहारातील काही संज्ञा अशा असतात की, त्यांचा नेमका अर्थ विसरला गेला तरी त्यांचा दरारा कायम राहतो. ‘ऑक्टेन’ ही त्यांपैकीच एक होय. जून २०२२ मध्ये अमेरिकेत साध्या पेट्रोलचा सरासरी भाव प्रथमच गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला. तेव्हा टर्बोचार्जर असलेल्या, आणि शक्ती वाढविण्यासाठी ‘ट्यून’ करून घेतलेल्या मोटारींच्या मालकांपुढे एक प्रश्न उभा राहिला : अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल चालू ठेवावे, की स्वस्त पेट्रोलवर भागवावे? या प्रश्नाचे उत्तर हिशेबात शोधण्यापूर्वी त्या अंकाचा अर्थ पाहणे इष्ट ठरेल.

ही मापनपद्धती ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनज्ञाने १९२६-२७ च्या सुमारास सुचविली. तीत दोन शुद्ध द्रव प्रमाण मानले आहेत : आयसो-ऑक्टेनचा अंक १०० आणि नॉर्मल हेप्टेनचा ०. एखाद्या पेट्रोलचा अंक ९१ आहे, याचा अर्थ त्यात ९१ टक्के ऑक्टेन आहे असा नव्हे. ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच ते पेट्रोल अकाली पेटण्यास प्रतिकार करते, एवढाच त्याचा अर्थ. हा अंक शक्तीही सांगत नाही. एक किलोग्रॅम आयसो-ऑक्टेन आणि एक किलोग्रॅम हेप्टेन यांच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच, म्हणजे ४४ ते ४५ मेगाज्यूल असते. तेव्हा ‘ज्याचा अंक मोठा ते पेट्रोल जोरदार’ हा समज निराधार ठरतो.

मग प्रतिकाराचे महत्त्व कोणते? एंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर क्रमाने पसरावी, अशी अपेक्षा असते. परंतु दाब आणि तापमान फार वाढले, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते तीव्र असेल तर दट्ट्या निकामी होऊ शकतो. टर्बोचार्जर हवा दाबून आत सोडतो, त्यामुळे हा धोका मुळातच अधिक असतो. म्हणून कारखाना ठिणगीची वेळ व हवेचा दाब ठरविणाऱ्या कोष्टकांत बरीच मोकळीक ठेवतो. ट्यूनिंगमध्ये नेमकी हीच मोकळीक खर्ची पडते : दाब वाढविला जातो, ठिणगी आधी पाडली जाते. नॉक सेन्सर धोका ओळखून ठिणगी मागे ढकलतो हे खरे. तथापि त्यामुळे शक्ती घटते, निष्कास वायू अधिक तापतात, आणि ज्या शक्तीसाठी खर्च केला तीच हातून जाते. शिवाय सेन्सरची दुरुस्ती ठोका ऐकल्यानंतरची असते, आधीची नव्हे.

येथे आणखी एक अर्थभेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ऑक्टेन दोन प्रकारे मोजला जातो. ‘रिसर्च’ पद्धतीत एंजिन मिनिटाला ६०० फेरे, तर अधिक कठोर ‘मोटर’ पद्धतीत ९०० फेरे या वेगाने चालवितात. भारतात व युरोपात ‘रिसर्च’ अंक सांगण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत पंपावर दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील ८७ हा अंक रिसर्च मापाने ९१-९२ च्या आसपास येतो, आणि तेथील ९१ हा ९५-९६ च्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाने साध्या पेट्रोलला किमान ९१ हा रिसर्च अंक ठरविला होता. अमेरिकन ट्यूनरच्या सूचनेतील ‘९१’ वाचून पुण्यातील मालकाने असे पेट्रोल भरले असते, तर त्याने वस्तुतः अमेरिकेतील सर्वांत साधे पेट्रोल भरले असते. अंक तोच, अर्थ निराळा. आणि चुकीची किंमत मोजणार ते एंजिन.

मूळ स्थितीतील मोटारीबाबत निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. तीत अधिक ऑक्टेन ‘आवश्यक’ म्हटले आहे की केवळ त्याची ‘शिफारस’ केली आहे, हा भेद निर्णायक होय. दुसऱ्या स्थितीत काटकसरीस वाव असतो. ट्यून केलेल्या मोटारीला मात्र पुस्तिकेतील अंक लागू राहत नाही. कोष्टक ज्या अंकासाठी रचले तोच तिचा किमान अंक. कॅलिफोर्नियात उंची पेट्रोल बहुधा ९१ चे व पूर्वेकडील अनेक राज्यांत ९३ चे मिळते. म्हणूनच ट्यूनर दोहोंसाठी निरनिराळी कोष्टके देतात. अर्धी टाकी ८७ ची व अर्धी ९३ ची भरून साधलेली तडजोड सुमारे ९० वर येते; ९३ चे कोष्टक मात्र ९३ च गृहीत धरून चालते.

आता हिशेब. समजा, साधे पेट्रोल ३ डॉलर व उंची ३.६० डॉलर आहे. येथे अधिभार २० टक्के होतो. दोन्ही भाव २ डॉलरनी चढले व अंतर तेच राहिले, तर अधिभार १२ टक्क्यांवर येतो. म्हणजे भाववाढीच्या काळात उंची पेट्रोलचा अधिक भार प्रमाणाने उलट हलकाही होऊ शकतो. जड होते ते एकूण बिल. ते कमी करावयाचे असेल, तर आधी कोष्टक बदलावे, कमी ऑक्टेनचे किंवा कारखान्याचे मूळ कोष्टक बसवून घ्यावे, आणि मगच पेट्रोल बदलावे. हा क्रम उलटा केल्यास टाकीमागे वाचणारे सात-आठ डॉलर एंजिनच्या दुरुस्तीत किती काळ पुरतील, हे सांगावयास नको.