कोऱ्या पानांची स्पर्धा

१८ डिसेंबर २०२५ ची रात्र. जेवणं आटोपून आम्ही नुकतेच टेकलो होतो, तेवढ्यात दोह्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, लुसैलच्या स्टेडियमवर आहे. पाऊस कोसळतोय, पण मी काही जागा सोडत नाही!"

मला आधी पावसाचंच नवल वाटलं. वाळवंटातला पाऊस तो! त्याच दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीचा सामना पावसामुळे अर्ध्यावर सोडून द्यावा लागला होता. अरब चषकाचा अंतिम सामना मात्र झाला. मोरोक्को विरुद्ध जॉर्डन. चौथ्याच मिनिटाला मोरोक्कोच्या उसामा तन्नानने जवळपास मैदानाच्या मध्यावरून चेंडू उंच मारला, तो थेट जाळ्यात. मग जॉर्डनच्या अली ओलवानने दोन गोल करून सामना फिरवला. अखेरची काही मिनिटं उरली असताना हमदल्लाहने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच मोरोक्कोला ३-२ असं जिंकून दिलं.

पुतण्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जाईना. जॉर्डनचे प्रशिक्षक जमाल सेल्लामी हे मूळचे मोरोक्कोचे. आपल्याच देशाविरुद्ध संघ तयार करायचा, आपल्याच देशाकडून हरायचं. "काका, त्या माणसाने आज हसायचं की रडायचं?" पुतण्याने विचारलं.

मी म्हटलं, "अरे, भावकीतल्या लग्नात मुलीकडचेही आपण आणि मुलाकडचेही आपणच असतो ना, तसं आहे हे."

खरं तर फुटबॉल हा माझा प्रांत नव्हे. आमची पिढी रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकणारी. पण बँकेत उभी हयात गेल्यामुळे एक खोड लागली आहे. कोणत्याही वहीत काय लिहिलंय, यापेक्षा कोणतं पान कोरं आहे, इकडे माझी नजर आधी जाते. शाखेच्या तपासणीला गेलो की मी पहिल्यांदा न झालेल्या नोंदी शोधत असे. अरब चषकाचा इतिहास मी असाच वाचला. जिंकलं कोण, हे दोन ओळींत सांगून होतं : आजवरच्या ११ स्पर्धांत इराक ४ वेळा, सौदी अरेबिया आणि मोरोक्को दोन-दोन वेळा, ट्युनिशिया, इजिप्त आणि अल्जीरिया एकेकदा. पण आलं कोण आणि आलं नाही कोण, हे पाहू लागलं की त्या हजेरीपटातून अरब जगाचा साठ वर्षांचा इतिहास डोकावू लागतो.

पहिली स्पर्धा १९६३ मध्ये बैरुतला झाली. पाचच संघ : ट्युनिशिया, सीरिया, लेबनॉन, कुवेत आणि जॉर्डन. ट्युनिशिया जिंकला. दुसरी १९६४ मध्ये कुवेतला. यजमान आणि विजेता यांची जोडी पाहा. कुवेत १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा इराकने 'हा तर आमचाच भाग' म्हणून दावा ठोकला होता. १९६३ च्या ऑक्टोबरात इराकने तो दावा सोडून कुवेतला मान्यता दिली. आणि वर्षभराने त्याच कुवेतच्या मैदानावरून इराकचे खेळाडू चषक उचलून घेऊन गेले. भांडण मिटल्यावर पहिल्यांदा जेवायला आलेल्या चुलतभावाने घरातलं चांदीचं ताट न्यावं आणि यजमानाने ते हसत बांधून द्यावं, तसंच हे झालं.

१९६६ ची स्पर्धा बगदादला. तिथेही इराकच. मग १९६७ चं युद्ध आलं आणि वही मिटली ती १९ वर्षं! मधल्या काळात लेबनॉन यादवीत जळत राहिला, इजिप्तने इस्रायलशी तह केला म्हणून १९७९ मध्ये अरब लीगने त्याला वाळीत टाकलं, इराक इराणशी लढू लागला. १९८५ मध्ये सौदी अरेबियातल्या ताइफला वही पुन्हा उघडली, तेव्हा इराक युद्धातच होता. तरी जिंकला.

१९८८ च्या जुलैत अम्मानला पुन्हा तेच. अंतिम फेरीत सीरियाशी बरोबरी, मग पेनल्टींवर विजय. त्याच महिन्यात इराणने युद्धबंदीचा ठराव मान्य केला. या संघाचे प्रशिक्षक होते अम्मो बाबा. अरबांच्या या संघाला घडवणारा हा माणूस अश्शूरी ख्रिस्ती समाजातला. घरात 'अम्मो' म्हणजे काका. अख्खा इराक त्यांना काका म्हणत असे. आणखी एक गंमत म्हणजे, वाळीत पडलेला इजिप्त या स्पर्धेत खेळून गेला. अरब लीगचं दार त्याला उघडलं ते पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये. मोठी माणसं बैठकीत तोंड फिरवून बसलेली असताना पोरं अंगणात एकत्र खेळायला लागली होती.

इथवर वाचलं की वाटतं, बरं चाललंय की! पण पुढचं पान उलटताना माझा हात थांबतो. कारण ते पान मी काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

१९९० मध्ये मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका शाखेत होतो. गावात घराआड एक माणूस 'बाहेर'. बाहेर म्हणजे कुवेत, दुबई, दम्माम, दोहा. महिन्याच्या सुरुवातीला टपालाने ड्राफ्ट यायचे आणि बुरखा सावरत किंवा पदर खोचत बायका रांगेत उभ्या राहायच्या. त्या वर्षी ऑगस्टच्या २ तारखेला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि रांगच आटली.

कुवेतला गॅरेजमध्ये मेकॅनिक असलेले एक गृहस्थ सप्टेंबरात परतले. कोकणी मुसलमान घरातले. गाव त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही. बगदादमार्गे बसने अम्मान, तिथे तंबूत काही दिवस, मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दिवसांत लाखाहून जास्त भारतीय असेच परतले. चाचांनी टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत कुवेती दिनार. महिनाभरापूर्वी एकेका दिनाराला साठेक रुपये मिळत होते. इराकने ते चलनच मोडीत काढलं होतं.

"साहेब, हे कागद झाले म्हणायचं का?" चाचांनी विचारलं.

मी मान खाली घातली. आमच्याकडे ते बदलून देण्याची सोय नव्हती. चहा मागवला, एवढंच काय ते करता आलं. चहा पिताना चाचा बोलू लागले. पैशांबद्दल नव्हे, फुटबॉलबद्दल! आखाती देशांची वेगळी स्पर्धा त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुवेतला झाली होती. इराकचा संघ पंचांवर रुसून मधूनच निघून गेला होता. "आम्ही हसलो साहेब. म्हटलं, पोरं रुसली. आमचा फोरमन पॅलेस्टिनी. तो हसला नाही. म्हणाला, भाऊ रुसून गेला की परत येताना काय घेऊन येईल सांगता येत नाही."

फोरमनचं ते वाक्य मी कधी विसरलो नाही.

१९९२ ची स्पर्धा सीरियातल्या अलेप्पोला झाली. गतविजेत्या इराकचं नाव यादीत नाही. कुवेत आहे. पॅलेस्टाईनही आहे. पण अरफातांनी सद्दामची बाजू घेतल्याचा राग पॅलेस्टिनींवर निघाला होता आणि पिढी-दोन पिढ्या कुवेतला राहिलेले लाखो पॅलेस्टिनी तिथून उठले होते. चाचा त्याच वर्षी पुन्हा कुवेतला गेले. गॅरेज होतं, मालक होता, फोरमन नव्हता. स्पर्धेच्या यादीत दोन्ही नावं शेजारी शेजारी. गॅरेजमधली एक खुर्ची मात्र रिकामी. हजेरीपटात असल्या गोष्टी दिसत नाहीत.

इराक आणि कुवेत पुन्हा एकाच यादीत आले ते २०१२ मध्ये.

पुढची कहाणी तुम्हाला थोडीफार माहीत असेल. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडून त्याची वाट अडवली. २०२१ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि त्याच डिसेंबरात या चौघांचे संघ दोह्याला खेळायला उतरले. त्याच स्पर्धेत अल्जीरिया आणि मोरोक्को यांची उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली. चारच महिन्यांपूर्वी अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले होते, दोघांमधली जमिनीवरची सीमा तर १९९४ पासून बंद. सामना २-२. पेनल्टींवर अल्जीरिया जिंकला, पुढे चषकही त्यानेच नेला. सीमा काही उघडली नाही.

आणि २०२५ मध्ये ज्यांच्या घरावर छप्परही उरलेलं नव्हतं, ते पॅलेस्टिनी खेळाडू पात्रता सामन्यात लिबियाला हरवून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी यजमान कतारला अखेरच्या क्षणी १-० असं हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाला जादा वेळेपर्यंत झुंजवून ते परतले. परतले म्हणायचं, पण कुठे? हा प्रश्न बाकीच्या पंधरा संघांना क्वचितच पडतो.

मराठीत 'भावकी' आणि 'भाऊबंदकी' असे दोन शब्द आहेत. एकात माया, दुसऱ्यात वैर, आणि मूळ एकच. अरबांचं दुखणं मला या दोन शब्दांतून जितकं कळलं, तितकं अग्रलेखांतून कळलं नाही. एका भाषेचे, एका गाण्यावर डोलणारे लोक जेव्हा भांडतात, तेव्हा परक्यापेक्षा खोल जखम करतात.

मग ही स्पर्धा म्हणजे नुसता देखावा का? मला तसं वाटत नाही. बँकेत बरीच वर्षं व्यवहार झाला नाही की खातं 'निष्क्रिय' होतं. ते बंद झालेलं नसतं. खातेदाराने येऊन लहानसा का होईना, एक व्यवहार केला की जिवंत होतं. खातं जिवंत झालं म्हणून कर्ज फिटत नाही, हेही खरं. पण निदान पान उघडं राहतं.

चाचा आता नाहीत. त्यांचा नातू दोह्यालाच कामाला आहे. त्या रात्री तोही स्टेडियमवर होता, असं पुतण्याने नंतर सांगितलं. मी विचारलं, "कुणाच्या बाजूने होता रे तो?"

पुतण्या म्हणाला, "काका, तो म्हणत होता, कुणीही जिंको, उद्या कामावर सगळे आले म्हणजे झालं."