सभासदांच्या मुलांसाठी रोजचा एक तास



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, हुमणी यांबद्दल लिहितो. या खेपेस मुलांच्या खेळाबद्दल लिहीत आहोत, आणि त्याचे कारण आमच्याच घरात घडले.

गेल्या लागणीच्या वेळी धाकट्या चिरंजीवांना खेड तालुक्यातील एका सभासदाच्या शेतावर नेले. वय वर्षे बारा, वर्गात पहिल्या पाचांत. बांधावरून विहिरीपर्यंत दोनशे पावले चालला आणि धापा टाकीत खाली बसला. बेण्याच्या मोळ्या उचलणारे सभासद हसून म्हणाले, "साहेब, बेणं झ्याक हाय, मशागत राहिलीय." बोलणे लागले. सकाळी शाळेची गाडी, दुपारी शिकवणी, रात्री मोबाईल हा क्रम आम्हीच तर लावून दिला होता.

आम्ही राहतो भोसरीत. भोसरी हे पैलवानांचे आणि कबड्डीचे गाव. भैरवनाथाच्या उत्सवात आखाडा भरतो. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे कारखाने आले, 1982 साली महानगरपालिका झाली. रानं गेली, त्याबरोबर पोरांच्या खेळायच्या जागाही गेल्या. आता तीच गत चाकणच्या बाजूला दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी. आता हे वयच का? ऊसवाल्याला सांगणे न लगे. फुटव्याच्या काळात ताण पडला, तर मोठ्या बांधणीनंतर कितीही युरिया टाका, फुटवे वाढत नाहीत. हाडांचे बरेचसे तसेच. उड्या मारल्या, धावले की हाडावर भार पडतो आणि हाड घट्ट भरते; हा भराव वयात येतानाच्या वर्षांत सर्वांत जोरात होतो. मुलींना याची गरज अधिक, कारण उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा त्रास बायकांना जास्त. आणि नेमक्या मुलींनाच आपण सातवी-आठवीनंतर अंगणाबाहेर खेळू देत नाही!

काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. (साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना जरा चोरट्यासारखे होते, पण खरे ते खरे.) रोज उघड्यावर उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचे प्रमाणही कमी आढळते.

काही सभासद म्हणतील, आमची पोरं शेतात राबतात, तोच व्यायाम. घरच्या कामात हातभार लावला तर उत्तमच. पण तोडणीच्या फडात शाळा बुडवून वाढे गोळा करणाऱ्या पोराला व्यायाम घडतो, असे कोणी समजू नये. ती मजुरी झाली.

खर्च म्हणाल तर काहीच नाही. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, कबड्डी यांना सपाट जागा आणि चार मुठी चुना पुरतो. खोडवा मोडलेले रान पुढच्या लागणीपर्यंत रिकामेच असते. धसकटे वेचून, फळी मारून त्यातला एक कोपरा पोरांना द्यावा. खेड तालुक्यातल्याच राक्षेवाडीच्या शिवराज राक्षे यांनी जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. प्रत्येक पोराने गदा आणावी असे आमचे म्हणणे नाही. जिना चढताना दम लागू नये, एवढेच.

आमच्या घरी शिकवणी सातनंतर ढकलली. सहा ते सात कबड्डी. पहिले आठ दिवस चिरंजीवांनी पोटऱ्या दुखतात म्हणून घर डोक्यावर घेतले. परवा त्याच शेतावर पुन्हा गेलो. तो विहिरीपर्यंत पळत गेला. बांधावर धापा टाकीत बसलो ते आम्ही.