आवाज किती खाली आला?

दादरहून निघालेली शरावती एक्स्प्रेस पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी करत म्हैसूरला पोहोचते, आणि तिच्यातून आमच्याकडे अधूनमधून नात्यागोत्यातलं कुणी ना कुणी उतरतं. पुण्या-नागपुरात इंजिनिअरिंग संपवून इथल्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात काही महिने काढायला आलेली मुलं. पहिला पगार खात्यात पडला, की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतोच. "मावशी, हेडफोन घ्यायचाय. सोनी घेऊ की बोस?" पंचवीस-तीस हजारांची खरेदी, म्हणजे घरच्यांशी बोलूनच करावी असं अजून या मुलांना वाटतं, याचं मला कौतुक आहे. पण कंपनीचं नाव ठरवण्याआधी मी त्यांना विचारते, की तू दिवसभर कोणत्या आवाजात बसतोस, आणि त्या आवाजावर मात करायला फोनचा आवाज किती चढवतोस? चांगला हेडफोन ओळखायचं माझं माप एकच आहे. तो कानावर चढवल्यावर तुमच्या फोनचा आवाज किती खाली आला?

हे माप मला म्हैसूरमध्ये राहून सुचलं, याला कारण आहे. मानसगंगोत्रीच्या हिरव्यागार परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून देशभरातले बहिरेपणाचे आणि वाचादोषांचे रुग्ण तिथे येतात, आणि देशातले कितीतरी श्रवणतज्ज्ञ तिथेच तयार झाले. कान म्हणजे काय, हे या गावात रिक्षावालाही जाणतो, कारण त्याने पत्ता शोधत आलेल्या आईबापांना तिथे पोहोचवलेलं असतं. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. त्या परत आणणारं औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. बहुतेकांना उरतं ते श्रवणयंत्र.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आखलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल. डेसिबलचा हिशोब मात्र साध्या बेरजेचा नाही. दर ३ डेसिबल वाढीला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला आठवड्यात जेमतेम अडीच तास. आता मुंबईची लोकल, पुण्याची पीएमपी किंवा रात्रभराची लक्झरी डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या घरघरीत गाणं ऐकू यावं म्हणून हात आपोआप आवाज चढवतो, आणि उतरल्यावर तो खाली आणायचं राहून जातं. नॉइज कॅन्सलेशनचा खरा उपयोग इथे आहे. बाहेरची घरघर कमी झाली, की निम्म्या आवाजातही शब्द न् शब्द कळतो. पैसे त्यासाठी द्यायचे.

ही घरघर कमी होते कशी, हे समजून घेतलं की निवड निम्मी सोपी होते. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला असलेले मायक्रोफोन येणारी लाट टिपतात, आतली चिप तिची बरोब्बर उलटी लाट तयार करते, आणि चढावर उतार बसून दोन्ही एकमेकींना खातात. कपाच्या आत आणखी मायक्रोफोन असतात, ते उरलंसुरलं मोजून चूक दुरुस्त करत राहतात. चांगल्या हेडफोनमध्ये बाहेरचे आणि आतले असे दोन्ही असतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. ती माणसाच्या कानावर आणली अमर बोस यांनी. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचा हा मुलगा, पुढे एमआयटीत प्राध्यापक. १९७८ मध्ये झ्युरिकहून बोस्टनला येताना विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या गोंगाटामुळे संगीत ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

उलटी लाट वेळेवर पोहोचली तरच उपयोग. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे साडेतीन मीटर. ती संथ, पुढे काय येणार हे चिपला आधीच दिसतं. ४००० हर्ट्झची लाट साडेआठ सेंटिमीटरची. तिथे केसभर उशीर झाला तरी उतारावर चढ बसण्याऐवजी चढावर चढ बसतो. म्हणून साधारण हजार हर्ट्झच्या खालचा, एकसुरी, सतत चालणारा आवाज हे यंत्र उत्तम गिळतं: विमानाचं इंजिन, रेल्वेच्या चाकांचा खालचा घोष, एसी, पंखा, जनरेटर. त्यावरच्या आवाजांना अडवते ती कानाभोवतीची गादी. कुकरची शिट्टी, मिक्सरची वरची किंचाळी, बाळाचं रडणं, शेजारच्या टेबलावरच्या गप्पांतली व्यंजनं हे सगळं थोडंफार आत येणारच. "तीस हजार घालूनही बायकोचं बोलणं ऐकू येतं," अशी तक्रार दुकानात करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांचा हेडफोन बिघडलेला नव्हता.

अचानक फुटणाऱ्या आवाजापुढे तर ही चिप अगदीच दुबळी. आमच्या दसऱ्यात चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीतून निघते तेव्हा तोफांची २१ बारांची सलामी होते. त्या बारांनी हत्ती बिथरू नयेत म्हणून आधीचे काही आठवडे त्यांना आणि घोड्यांना तोफेजवळ उभं करून सराव देतात. तसा बार येण्याआधी चिपला ओळखता येत नाही. ओळखेपर्यंत तो कानात पोहोचलेला असतो. दिवाळीत हे लक्षात ठेवा. आपल्याकडे चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे, म्हणजे त्याच्या आतले कायदेशीर फटाकेही कानासाठी सौम्य नव्हेत. हेडफोन घालून सुतळी बॉम्बजवळ उभं राहिल्याने कान वाचत नाहीत. लांब उभं राहा, लहानांना आणखी लांब.

गादीचा विषय निघाला तो महत्त्वाचा, आणि जाहिरातीत तो नसतो. गादी आणि डोकं यांच्यामध्ये फट राहिली, की तिथून खालचे आवाज सरळ आत शिरतात आणि गाण्यातला खर्ज त्याच वाटेने बाहेर जातो. फट कशाने राहते? चष्म्याच्या काडीने. माझ्या जाड काडीच्या चष्म्यावर एक नामांकित हेडफोन असा बसतो, की कानामागे बोट घातलं तर वारा लागावा. बारीक धातूच्या काडीवर तोच घट्ट बसतो. बायकांना आणखी अडचणी. कानात वेल किंवा मोठी कुडी असेल तर गादी टेकत नाही आणि टेकवली तर तासाभरात पाळी दुखते. अंबाडा उंच असेल तर वरची पट्टी पुढे सरकते आणि कप खाली लोंबतात. म्हणून दुकानात जाताना रोजचा चष्मा, रोजचे दागिने, रोजची केशरचना. देवराज अर्स रोडवरच्या दुकानात मी मुलांना घेऊन जाते तेव्हा हेडफोन चढवायला लावून काचेच्या दारापाशी उभं करते. बाहेर सिटी बसेस, बुलेटी, हॉर्न. गाणं बंद ठेवायचं, कॅन्सलेशन चालू-बंद करायचं, मान खाली-वर करायची, जांभई द्यायची. जबडा हलला की आवाज आत शिरतो का, ते लगेच कळतं. मग गाणं लावून शब्द नीट कळतील इतपतच आवाज ठेवायचा आणि फोनवरची पट्टी बघायची. जिच्यात पट्टी सर्वांत खाली, ती जोडी तुमच्या डोक्याची. काही जणांना कॅन्सलेशन सुरू होताच कानात दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब बदललेला नसतो, खालचे आवाज एकदम गेल्याने मेंदूला तसं भासतं. बहुतेकांना सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी कॅन्सलेशनची पातळी कमी करता येणारा हेडफोन बघावा.

आता नावं. सोनीची १०००एक्स मालिका २०१६ पासून चालू आहे. २०२० चा एक्सएम४ घडी होणारा, २०२२ चा एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा, हलका पण घडी न होणारा, आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडी परत आली. कॅन्सलेशन चालू ठेवून तिन्हींची बॅटरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३० तास. बोसचा क्वायट कम्फर्ट अल्ट्रा २०२३ मध्ये आला, २४ तास चालणारा. पण कानावर तो ज्या मऊपणाने बसतो त्याला माझ्या मते तोड नाही, आणि दिवसभर घालणाऱ्याला तासांच्या आकड्यापेक्षा तो मऊपणा मोलाचा. सेनहायझरचा मोमेंटम ४ तब्बल ६० तास चालतो. गाणं ऐकणारा माणूस असेल तर मी हाच सुचवते. २०२२ मध्ये सेनहायझरचा हा ग्राहकविभाग सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, जी मुळात श्रवणयंत्रं बनवते. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स कॅन्सलेशनमध्ये अव्वल आणि बांधणीत देखणा, पण ३८५ ग्रॅमच्या घरात जातो आणि किंमत इतरांच्या जवळपास दुप्पट. मानेचा त्रास असणाऱ्याने तो तासभर घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत; त्यांच्या नावांत मुलं फार अडकतात. एलडॅक हा सोनीचा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतो, पण आयफोन तो वापरतच नाही, तिथे एएसी. बसमध्ये दोन्हींतला फरक सांगता येईल असा कान विरळा. त्यापेक्षा एकाच वेळी लॅपटॉप आणि फोन दोन्हींना जोडून राहण्याची सोय आहे का ते बघा, कामाच्या माणसाला ती रोज लागते. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली आणि हेडफोनचाच माइक चालू झाला, की ब्लूटूथ बोलण्याच्या जुन्या पद्धतीवर उतरतं आणि आवाज एकदम पत्र्याचा होतो. हेडफोन परत करायला धावू नका. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज पुन्हा भरतो.

गाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे गाव ऐकणाऱ्यांचं आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये इथे आपल्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याला आकाशवाणी हे नाव दिलं. पुढे देशाच्या रेडिओने तेच घेतलं. १९०२ मध्ये भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांसाठी गायलेल्या गौहरजान १९२८ मध्ये म्हैसूर दरबारी नेमल्या गेल्या आणि १९३० च्या जानेवारीत इथेच वारल्या. महाराज जयचामराज वडियार यांचा रेकॉर्डसंग्रह हजारोंचा. वृद्ध, विपन्न अवस्थेत लंडनला राहणाऱ्या रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांचं संगीत कायमचं मुद्रित व्हावं म्हणून महाराजांनी चाळीसच्या दशकाअखेर स्वतःच्या पैशाने त्यांच्या रेकॉर्ड करवून घेतल्या. मेटनर १९५१ मध्ये गेले. त्यांच्या हाताचं बरंचसं वादन आज ऐकायला मिळतं ते म्हैसूरच्या तिजोरीमुळे.

ख्यालगायनाला हेडफोन लावून बघायचा असेल तर तानपुऱ्यावर लक्ष ठेवा. काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि रेल्वेची, पंख्याची घरघरही याच वस्तीतली. साध्या इअरफोनवर प्रवासात तानपुऱ्याची वरची झंकार तेवढी येते, खालची जमीन गायब. कॅन्सलेशन चालू केलं की ती जमीन परत येते, आणि विलंबित आलापाला आधार सापडतो. आवाज न चढवता झालेला हा लाभ मला या सगळ्या तंत्रज्ञानातला सर्वांत सुंदर वाटतो. मात्र बहुतेक कंपन्या कारखान्यातूनच खालचा सूर फुगवून पाठवतात. डग्गा घुमत राहतो आणि गायकाच्या गळ्यावर येतो. कंपनीच्या ॲपमध्ये इक्वलायझर असतो, त्यात सर्वांत डावीकडच्या पट्ट्या थोड्या खाली ओढा. आणि गौहरजानच्या काळातल्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत खर्ज मुळात फारसा उतरलेलाच नाही. तो कुठलाही हेडफोन आणून देणार नाही. विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण १९२५ नंतरचं.

रस्त्यावर चालताना, रूळ ओलांडताना कॅन्सलेशन बंद आणि बाहेरचा आवाज आत घेणारा मोड चालू, यात तडजोड नको. दुचाकीवर तर हेडफोनच नको. शाळकरी मुलांना हे महागडे नग देण्यापेक्षा आवाजाची कमाल मर्यादा बांधता येणारे द्या. ज्याच्या कानात सतत टूं असा आवाज येतो किंवा गप्पांमध्ये "काय म्हणालात?" वाढलं आहे, त्याने हेडफोनच्या आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. म्हैसूरची संस्था आहेच; मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था जवळ.

किमतीचं म्हणाल तर नवं मॉडेल आलं, की आधीचं उतरतं आणि ते बहुतेकांना पुरून उरतं. एक्सएम४ आजही चांगल्या भावात मिळाला तर मी कुणाला अडवणार नाही. सणाच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत सीलबंद म्हणून हुबेहूब नकली नग विकले जातात, तेव्हा विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का आणि बिलावर सिरीयल क्रमांक आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून आणलेल्या नगाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. घेण्याआधी त्याच मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का आणि केवढ्याला, हे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. म्हैसूरच्या कोरड्या, उंचावरच्या हवेत गादीचं कृत्रिम चामडं बरंच टिकतं. मुंबई-कोकणात घामाने आणि दमटपणाने ते लवकर सोलवटतं, फट पडते, आणि मग ते तीस हजारांचं कॅन्सलेशन त्या फटीतून गळतं. रोज वापरून झाल्यावर गादी कोरड्या सुती फडक्याने पुसून, हेडफोन डब्यात ठेवण्याआधी पाच मिनिटं उघड्यावर ठेवला तरी तिचं आयुष्य वाढतं.