हप्त्याच्या कर्जातील छुपी दलाली

सुगी संपून हाती चार पैसे आले की खेड्यांतील पुष्कळ कुटुंबे हप्त्याने मोटारसायकल घेतात. दुकानातच कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस बसलेला असतो. हप्ता किती, एवढेच तो सांगतो व घेणाराही बहुधा तेवढेच विचारतो. पूर्वी सावकार कर्ज देतेवेळीच मनोती कापून घेत असे. ती निदान ऋणकोच्या डोळ्यांदेखत कापली जाई.

समजा, कर्ज ६०,००० रुपये, व्याज द.सा. १२ टक्के व फेड १२ मासिक हप्त्यांत. हप्ता सुमारे ५,३३१ रुपये येतो. प्रक्रिया शुल्क व विमा मिळून १,८०० रुपये आरंभीच कापले, तर दुकानदारास ५८,२०० रुपयेच पोचतात. उरलेले घेणाऱ्याने पदरचे भरावयाचे. हप्ता मात्र तोच! वरवर पाहता हा बोजा ३ टक्क्यांचा वाटतो. परंतु दरमहा मुद्दल फिटत जाते व वर्षभरात सरासरीने निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम आपणाकडे राहते. म्हणून खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो.

हा खरा दर सांगण्याचे बंधन आता धनकोवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, नागरी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांनी व्यक्तींना द्यावयाच्या अशा मुदती कर्जांपूर्वी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, दिलेच पाहिजे. ते ऋणकोस समजणाऱ्या भाषेत असावे व त्यास समजावून सांगितले जावे. त्यात सर्व आकार धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे ‘ए.पी.आर.’, असतो. विमा किंवा कायदेशीर कामाकरिता दुसऱ्याच्या वतीने घेतलेली रक्कमही त्यात निराळी दाखवावी लागते व तिची पावती द्यावी लागते. विवरणपत्रात नसलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे घेता येत नाही.

एक उणीव मात्र राहते. धनको विक्रेत्यास स्वतःकडून जी दलाली देतो, तिच्यासाठी या नमुन्यात निराळा रकाना नाही. ती व्याजदरातच मुरते. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोटारगाडीच्या कर्जाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका कारखान्यातील पर्यवेक्षकाने २०१७ साली घेतलेल्या त्या कर्जाच्या एकूण आकारापैकी ५५ टक्के रक्कम विक्रेत्याची दलाली होती. १ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने तो व्यवहार अन्यायकारक ठरवून दलाली व्याजासह परत करविली. तेथेही कागदांवर सही झालेलीच होती.

म्हणून विक्रेत्यास दलाली किती मिळते, हे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच कसला? विवरणपत्र हाती पडल्यावर ते किमान तीन कामकाजी दिवस ग्राह्य राहते. त्या अवधीत गावच्या बँकेकडूनही तसेच पत्र मागवावे व दोन्हींतील ए.पी.आर. ताडून पाहावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तुलना शेतकऱ्यास शेजारी बसवून करून द्यावी. फोनवर आलेला ओटीपी सांगणे हीसुद्धा सहीच होय. पत्र वाचण्यापूर्वी तो देऊ नये. विवरणपत्र न मिळाल्यास प्रथम धनकोकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यास फी पडत नाही.