सहावा दात दुधाचा नव्हे!

घरात सहा-सात वर्षांचे पोर असेल तर आज त्याला ओट्यावर उजेडात बसवा आणि 'आ' करायला सांगा. खालच्या जबड्यात मधोमध बोट ठेवून एका बाजूला मागे मोजत जा. पुढचा एखादा पडला असेल तर त्याची जागाही धरा. पाचपर्यंत दुधाचे. त्यामागे सहावा, चांगला रुंद, खाचाखाचांचा दिसला तर तो दुधाचा नव्हे. ती कायमची दाढ. म्हातारपणी भाकरी चावायची ती हिच्याच जोरावर.

गोम अशी की, ही दाढ यायला कुठलाच दात पडावा लागत नाही. पुढचा दात पडला की घरभर गवगवा होतो. ही मात्र मागच्या मोकळ्या हिरडीतून गुपचूप वर येते. खाली दोन, वर दोन, अशा चार. मग तीत काळे दिसले की आपण म्हणतो, "असू द्या हो, दुधाचा आहे, पडंल आपोआप." उपटावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही, हे फार उशिरा कळते.

वर यायला तिला काही महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून नुसताच जातो. म्हणून ब्रश गालाकडून आडवा घाला. हे काम पोराचे नाही, आईबापाचे. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत तरी. पेस्ट फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको. पोराला थुंकायला लावा, गिळू देऊ नका. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. रात्रीचे चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते. राखुंडीने दात झिजतात, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. ती पोराच्या बोटाला लावू नका.

कीड म्हणजे अळी नव्हे. धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, ते दात पोखरते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुन्हा चॉकलेट, पुन्हा बिस्कीट तोंडात गेले तर लाळेने करावे तरी काय? म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे बघा. सणाला जेवणात पोटभर पुरणपोळी खाऊ द्या. दिवसभर चहा-बिस्कीट, गोळ्या नकोत. बिस्कीट तर खाचांत चिकटून बसते. आणि गूळ चालतो असे समजू नका, दाताला तोही साखरच. तान्ह्याला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजवू नका, वरचे पुढचे दात आधी जातात.

दुधाच्या दाढाही फुकटच्या नाहीत. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या आधीच गेल्या तर ही सहावी पुढे सरकते, मागाहून येणाऱ्यांना जागा उरत नाही, दात वेडेवाकडे येतात.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त. तिथे दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, ती कीड नव्हे. तिथे पेस्ट गिळू न देण्याची काळजी अधिक घ्या, आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, असे ठरलेले आहे. तपासणीत दातही येतात. पथक आले की सहावी दाढ मुद्दाम दाखवा. दाढ नुकतीच आलेली, धड असेल, तर दंतवैद्य तिच्या खाचा लेप लावून बुजवतात. त्यात सुई नाही, कोरणे नाही. मात्र दुखत नाही तोवरच न्या. ठणका लागला म्हणजे कीड नसेपर्यंत पोचलेली असते, आणि मग एका खेपेत भागत नाही.