एका सेंटचा मोबदला आणि एका समाजाचा वारसा

कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकात 'द एन्टरटेनर' नावाची एक धून पुष्कळदा सापडते. उड्या मारत चालणारी ही धून अनेकांच्या कानावरून गेलेली असते. परंतु ती १९०२ साली पूर्वी गुलाम असलेल्या एका बापाच्या मुलाने रचली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या मुलाचे नाव स्कॉट जॉप्लिन आणि त्या संगीताचे नाव रॅगटाईम. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने जन्माला घातलेले हे संगीत एके काळी साऱ्या देशात गाजले, पुढे विस्मरणात गेले आणि नंतर लोकांनी कष्टाने परत आणले. हा वारसा बुडाला कसा आणि वाचला कसा, हे प्रत्येक कष्टकरी कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

रॅग म्हणजे चिंधी. रॅगटाईम म्हणजे फाटल्यासारखा वाटणारा ताल. पियानोवर डावा हात कवायतीच्या बँडसारखा सरळ ठेका धरतो. उजव्या हाताचे सूर मात्र मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतात. आपल्याकडे ढोलकीवाला सम चुकवल्यासारखे करतो आणि नेमका समेवर येतो, तेव्हा जी मौज वाटते, त्याच जातीची मौज या संगीतात आहे.

जॉप्लिन वाढला टेक्सास राज्याच्या सीमेवरील टेक्सारकाना गावात. वडील रेल्वेत मजुरी करीत, तर आई लोकांच्या घरी साफसफाई व धुणी करी. ज्या घरात पियानो असे, तेथे आई कामाला जाताना मुलाला बरोबर नेई आणि तिचे काम होईपर्यंत तो वाजवत बसे, असे सांगतात. ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने मुलाचे गुण ओळखून त्याला फी न घेता शिकविले. आईचे कष्ट आणि एका शिक्षकाची आस्था, एवढ्या भांडवलावर हा संगीतकार उभा राहिला!

पुढे तो मिसुरी राज्यातील सेडेलिया या रेल्वेच्या गावी आला. तेथे कृष्णवर्णीयांसाठी जॉर्ज आर. स्मिथ कॉलेज होते. तेथे त्याने संगीताचे शिक्षण घेतले. आपण शिकला आणि थांबला, असे त्याने केले नाही. आर्थर मार्शल व स्कॉट हेडन या तरुणांना त्याने शिकविले आणि त्यांच्याबरोबर रचना करून त्यांचीही नावे छापून आणली.

१८९९ साली त्याची 'मेपल लीफ रॅग' प्रसिद्ध झाली. जॉन स्टार्क या प्रकाशकाशी झालेल्या करारानुसार दर प्रतीमागे एक सेंट मोबदला ठरला. पहिल्या वर्षी सुमारे ४०० प्रती खपल्या. हिशेब करून पाहा, वर्षाची कमाई अवघी चार डॉलर! तरीही हा करार मोलाचा होता. त्या काळी बहुतेक प्रकाशक थोडी रक्कम हातावर ठेवून रचना कायमची विकत घेत. कागदावर सही करून हक्क राखल्यामुळे पुढे खप वाढला, तेव्हा जॉप्लिनला आयुष्यभर थोडे परंतु नियमित उत्पन्न मिळत राहिले. त्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने काढलेल्या 'ओरिजिनल रॅग्ज'वर मात्र संयोजक म्हणून भलत्याच माणसाचे नाव छापले गेले. कराराचा कागद किती महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसते.

त्याची सर्वांत मोठी इच्छा होती संगीत नाटक रचण्याची. १९०३ साली त्याने 'अ गेस्ट ऑफ ऑनर' हे नाटक फिरतीवर नेले. त्या नाटकाची संहिता आज कोठेही उपलब्ध नाही. दुसरे नाटक 'ट्रीमोनिशा' त्याने १९११ साली पदरमोड करून छापले, म्हणूनच ते वाचले.

या नाटकाची कथा वाचकांनी जरूर ऐकावी. नेड व मोनिशा या निरक्षर जोडप्याला झाडाखाली एक मूल सापडते. मुलीला शिकवावे तर वस्तीत शाळा नाही. तेव्हा एका गोऱ्या बाईने मुलीला शिकवावे आणि त्याबदली बापाने तिच्याकडे लाकडे फोडावीत, आईने कपडे धुवावेत, असे ठरते. शिकलेली ट्रीमोनिशा पुढे नशिबाच्या पिशव्या विकणाऱ्या मांत्रिकांना उघडे पाडते. शेवटी वस्तीतील लोक याच तरुण मुलीला आपली पुढारी निवडतात. १९११ साली हे लिहिणारा माणूस केवळ करमणूक करणारा होता काय?

परंतु नाटकाला पैसे लावणारा कोणी मिळाला नाही. १९१५ साली न्यूयॉर्कमधील हार्लेममध्ये नेपथ्य-वाद्यवृंदाविना, केवळ पियानोवर त्याचा एक प्रयोग झाला. १ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिन इस्पितळात वारला. त्याची कबर ५७ वर्षे नावाच्या पाटीविना राहिली. तोवर लोकांच्या ओठी जाझ आले होते. १९२५ साली सेडेलियाचे ते कॉलेजही आगीत जळाले.

मग वारसा परत आला कसा? एका दिवसात नव्हे, पायरी-पायरीने. रूडी ब्लेश व हॅरिएट जॅनिस यांनी हयात असलेल्या म्हाताऱ्या वादकांना गाठून माहिती गोळा केली आणि १९५० साली पुस्तक काढले. १९७० मध्ये जोशुआ रिफकिन यांची ध्वनिमुद्रिका आली. १९७१ मध्ये व्हेरा ब्रॉड्स्की लॉरेन्स यांनी संपादित केलेल्या जॉप्लिनच्या रचना न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने छापल्या. १९७२ मध्ये अटलांटा येथे 'ट्रीमोनिशा' पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आले. गुंथर शुलर यांनी बोस्टनच्या संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा केला. १९७३ साली 'द स्टिंग' हा चित्रपट आला आणि जॉप्लिनच्या धुना घरोघरी पोहोचल्या. १९७४ साली कबरीवर पाटी लागली. १९७६ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, पण तो घ्यायला जॉप्लिन कोठे होता?

सेडेलियात १९७४ साली जॉप्लिनच्या नावाने महोत्सव भरला. मध्ये तो काही वर्षे बंद पडला, १९८३ पासून पुन्हा सुरू झाला. ज्या गावातील ते कॉलेज गेले, मेपल लीफ क्लबची इमारतही गेली, त्या गावाची ओळख आता या संगीतावर उभी आहे. मैफलींच्या जोडीला तेथे व्याख्याने होतात. इलिनॉय राज्यात १९७५ साली सुरू झालेल्या जुन्या पियानोवादनाच्या स्पर्धेत मुलांसाठी वेगळा गट ठेवण्यात आला. याला महत्त्व आहे. कारण रॅगटाईमच्या महोत्सवांना येणारा श्रोता बराचसा वयस्क असतो. टाळ्या वाजवणारे असतील आणि वाजवायला शिकणारे नसतील, तर महोत्सवाचा मांडव उठताच संगीतही उठते.

जॉप्लिनला हे कळले होते. १९०८ साली त्याने सहा धड्यांचे 'स्कूल ऑफ रॅगटाईम' हे छोटे पुस्तक काढले. हे संगीत कोणीही कसेही बडवावे, असे नाही. ते शिकावे लागते, सावकाश वाजवावे लागते, असे तो बजावून सांगे. आपल्या कलेला हलके समजणाऱ्यांना त्याने धड्यांच्या पुस्तकाने उत्तर दिले.

यातून घेण्यासारखे बरेच आहे. जे कागदावर उतरले व छापले गेले, ते वाचले आणि जे हस्तलिखितात राहिले, ते गेले. महोत्सवाने नाव जागे राहते, शिक्षणाने कला जागी राहते. दोहोंपैकी एकावर भागत नाही. आणि या साऱ्याच्या मुळाशी दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणारी एक आई आहे. मुलाच्या बोटांत काय आहे, हे तिने वेळीच ओळखले. आपल्या घरातील मुलाच्या बोटांकडे, गळ्याकडेही आपण तेवढ्याच लक्षाने पाहू या.