व्यक्तिनामांचा कालालेख : कुर्डुवाडीच्या निमित्ताने

एखादे नाव कोणत्या काळी किती रूढ होते, हे आलेखाने दाखविणे वरकरणी सोपे वाटते. आडव्या अक्षावर जन्मवर्ष घ्यावे, उभ्या अक्षावर संख्या मांडावी आणि बिंदू जोडावेत. परंतु ‘एक नाव’ कशास म्हणावे, हा प्रश्न त्याआधीच सोडवावा लागतो. आणि तो गणिताचा नसून भाषाशास्त्राचा आहे.

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली आणि कुर्डुवाडी हे वारकऱ्यांचे गाडी बदलण्याचे ठिकाण झाले. अशा परिसरात विठ्ठल, विठोबा, पांडुरंग, पंढरीनाथ ही नावे भेटणारच. दैवत एकच असले, तरी त्यांची एकच रेषा काढणे योग्य नव्हे. विठोबा मावळला आणि विठ्ठल टिकला, तर भक्ती ओसरली असे म्हणता येत नाही. ‘-बा’ हा प्रत्यय मागे पडला असावा. ज्ञानोबा व राघोबा यांच्या रेषाही त्याच सुमारास खाली येतात काय, हे पाहिल्यास निर्णय करता येईल. उलट रुक्मिणी व रखमा यांचा संबंध ध्वनिपरिवर्तनाचा आहे. त्यांची रेषा वेगळी, पण गट एक, असे मी मानतो. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा खात्याच्या नामसूचीत मात्र वर्णलेखन बदलले की नाव वेगळे मोजले जाते.

आता साधनांविषयी. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद नावाविना करता येते. बारसे बहुधा बाराव्या दिवशी, त्यामुळे नोंदवहीत नावाचा रकाना पुष्कळदा रिकामाच सापडतो. म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर अधिक उपयोगी. त्यात जन्मस्थळही असते. रेल्वे नोकरांच्या बदल्यांमुळे आलेली मुले त्यावरून वेगळी काढता येतात. मात्र शाळेत न गेलेल्या मुली त्यात नाहीत. यास्तव संख्येऐवजी शेकडा प्रमाण घ्यावे, आणि तेही मुलगे व मुली यांचे स्वतंत्र. ‘१ जून’ ही गुरुजींनी बहाल केलेली जन्मतारीख सर्वांच्या परिचयाची आहे! तेथे वर्षही अदमासाचेच. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट बरे.

धोंडू, दगडू, नकुशा या नावांबाबत विशेष सावधगिरी हवी. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये दोनशेहून अधिक मुलींचे ‘नकुशा’ हे नाव समारंभपूर्वक बदलण्यात आले. त्या मुलींच्या दृष्टीने ते इष्टच होते. अभ्यासकाने मात्र मूळ व बदललेले नाव यांसाठी दोन रकाने ठेवावेत. एरवी ही रेषा २०११ पूर्वीच्या जन्मवर्षांतूनही पुसली जाईल.